अळणी मॉरिस

तवनाप्पा हा जन्मतःच दमलेला माणूस. बावन्नाव्या वर्षी त्यानं मोटार घेतली, ती हौसेनं नव्हे. एक जुनं बोलणं उरकून टाकायचं होतं म्हणून.

ते बोलणं असं. लहानपणी बाहुबलीच्या जत्रेहून बैलगाडीतनं परत येताना आईच्या मांडीवर डोकं टाकून तो म्हणाला होता, "आक्का, मी मोठा झालो की तुला मोटारीतनं आणीन बाहुबलीला." पोरं असं बोलतात आणि आया विसरतात. ही आई विसरली नाही. कधी आठवणही करून दिली नाही, हे मात्र खरं. दरवर्षी ती एसटीत उभ्यानं बाहुबलीला जायची, आणि परत आल्यावर पायाला तेल चोळताना नुसतं म्हणायची, "गर्दी लई हुती बाबा." एवढंच. त्या एवढ्यानं तवनाप्पा चाळीस वर्षं दमत आला होता.

चौऱ्याहत्तर साली पेट्रोल असं काही महागलं की बड्या लोकांना दारातली जुनी मोटार म्हणजे दारात बांधलेला हत्ती वाटायला लागली. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका इनामदारांनी आपली अडतीस सालची मॉरिस गोठ्यातून बाहेर काढली, धुतली आणि बावीसशे रुपयांना तवनाप्पाच्या गळ्यात घातली. मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातली होती. ती किमतीत धरलेली नव्हती. इनामदारांनी वेगळी मोजून घेतली.

मंगळवार पेठेत तवनाप्पाच्या घरामागं गुळाची वखार होती आणि मध्ये फरशीचं अंगण. तिथं गाडी उभी राहिली. राजमतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चारी चाकांखाली चार लिंबं ठेवली. आक्का ऐंशीला टेकलेली, पण नवं लुगडं नेसून तुरुतुरु आली आणि मागच्या सीटवर मांडी घालून बसली. तवनाप्पानं किल्ली फिरवली. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली. इनामदार म्हणाले होते, तिला सकाळी जरा वेळ लागतो.

त्या जरा वेळात तात्यासो बोलला.

तात्यासो हा राजमतीचा भाऊ. गडहिंग्लजला त्याचा ऊस होता, गुऱ्हाळ होतं आणि प्रत्येक गोष्टीवर मत होतं. खिडकीतून हात घालून त्यानं सीट थोपटली. म्हशीला थोपटतात तशी.

"दाजी, ही बघा चीज! अव्वा, कशावर बसलाईसा ठाऊक हाय का? असली कातडं! विलायती गाईचं! एका गाडीला तीन गाई लागत्यात, तीन!"

गाडी नेमकी त्याच क्षणी खोकायची थांबली, त्यामुळं ते वाक्य अंगणातल्या सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

आक्का पक्की जैन. कोल्हापुरात जन्मली, कोल्हापुरात नांदली. ज्या गावाच्या चपला मुलूखभर जातात त्या गावात राहून तिनं कातड्याला कधी पायसुद्धा लावला नव्हता. आधी खडावा, मग रबरी सपाता. लग्नात ढोलकीवाला आला तर ती आत जाऊन बसायची. आणि आज ती तीन गाईंवर मांडी घालून बसली होती.

ती उतरली. लुगडं झटकलं. म्हणाली, "लिंबं काढा चाकाखालची."

"अव्वा, चेष्टा केली वो मी!" तात्यासोनं खिडकीतला हात काढून घेतला. "कातडं कुठलं? फडकं हाय, फडकं! रंगीवल्यालं!"

"तात्यासो, आता खोटं बोलून मला आनि एक पदार्थ सोडाय लावू नगंस."

एक पदार्थ तिनं त्याच पायरीवर सोडला. हातून पाप घडलं की आक्का काहीतरी खायचं सोडायची. कधी तूप, कधी दूध, एकदा चार महिने गूळ. गुळाच्या अडत्याच्या घरात. आज तिनं देवळाच्या दिशेला हात जोडले आणि नियम घेतला. "न कळत का हुईना, मी बसलो. ह्या गाडीतला जनावराचा अंश निघंस्तवर मला मीठ बंद."

"मी इकून टाकतो गाडी," तवनाप्पा म्हणाला.

"आनि घेणारा कशावर बसंल? पाप दुसऱ्याच्या बुडाखाली सरकीवलं म्हंजे आपलं पुण्य हुतंय व्हय?"

तवनाप्पानं वाकून चाकांखालची लिंबं काढली. चार लिंबांत तो दमला.

नियम आक्काचा एकटीचा होता. पण चूल एक होती. "दोन दोन आमट्या कराय मी काय खानावळ काढल्या न्हाय," राजमती म्हणाली. "आनि म्हातारं माणूस अळणी खातंय, त्याच्या म्होरं मिठाची वाटी घिऊन बसशीला तुमी? बसा. मी बघतो कसं बसतासा."

तवनाप्पा बसला नाही. सगळं घर अळणी झालं. अळणी आमटी, अळणी वांगं, अळणी पिठलं. तिखटाला कोल्हापुरात तोटा नाही. पण मिठाशिवायचं तिखट म्हणजे ओळख न देता मारलेली थोबाडीत. भात खाताना तवनाप्पाला वाटायचं, आपण जेवत नाही, नुसतं जेवणाची कागदपत्रं बघतोय. एकदा त्यानं गुळाच्या मार्केट यार्डात हमालांच्या भाकरीबरोबरचं मीठ चिमूटभर मागून जिभेवर ठेवलं. डोळ्यात पाणी आलं. हमालांना वाटलं गुळाचे भाव पडले.

महिन्याभरानं डॉक्टर आक्काला तपासायला आले. त्यांनी तिचं ब्लडप्रेशर बघितलं, मग विश्वास न बसून राजमतीचं बघितलं, मग तवनाप्पाचं.

"वा! सगळ्यांचं उतरलंय. काय केलंत काय?"

"मोटार घेतली," तवनाप्पा म्हणाला.

गंगावेशीत बाबालालचं पत्र्याचं शेड होतं. बाबालाल कुशनवाला. ट्रकच्या, टांग्याच्या, मोटारींच्या गाद्या शिवायचा. कायम कुठल्या तरी गाडीत कमरेपर्यंत घुसलेला असायचा, त्यामुळं गिऱ्हाइकांना त्याची ओळख पायांवरून असे. हमालांकडून मॉरिस तिथवर ढकलून नेऊन तवनाप्पानं पायांना नमस्कार केला. बाबालाल बाहेर आला, मॉरिसभोवती फिरला आणि हळहळला. "ह्ये काढायचं? आण्णा, असं कातडं आता बघाय मिळत न्हाय. नुसता तेलाचा हात दिला तर आजून तीस वर्षं बघाय नगो."

"काढायचं."

तवनाप्पानं खांद्यावरचा टॉवेल काढला, बाबालालच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची तीन बोटं दाबली. यार्डात गुळाचा भाव असाच होतो; तीस वर्षांत त्याला दुसरी रीत माहीत नव्हती. बाबालालनं टॉवेल उचलून खाली बघितलं.

"आण्णा, हात का धरलाय?"

"भाव करतोय."

"तोंडानं करा की मग. म्होरनं माणसं जात्यात."

तोंडानं भाव साडेतीनशे ठरला. कातडं काढून मरून रंगाचं रेक्झिन, मजुरीसकट. तवनाप्पाला हायसं वाटलं. आठवड्याभरात मीठ, पंधरवड्यात बाहुबली, असा त्यानं हिशेब केला.

तिसऱ्या दिवशी बाबालालचा निरोप आला. सीट उसवली होती आणि आतून काळं, राठ काहीतरी बाहेर आलं होतं.

"घोड्याचं केस," बाबालाल म्हणाला.

तवनाप्पा खाली बसला. "आयाळ का शेपूट?"

"त्येनं काय फरक पडतोय?"

"आक्का इचारंल."

आक्कानं खरंच विचारलं. फरक पडला नाही. दोन्ही काढायचं ठरलं. आता इथं कुणीही म्हणेल की तिला सांगायचंच कशाला? तात्यासोनं तर गडहिंग्लजहून मुद्दाम येऊन तसं सांगितलं. पण तवनाप्पाची अडचण होती. यार्डात तो सकाळपासनं दुपारपर्यंत सहज दहा वेळा खोटं बोलायचा, आणि दुपारनंतर सवयीनं. आक्कापुढं खोटं बोलायला मात्र ताकद लागायची, आणि ताकद अळणी खाऊन येत नाही.

केसांच्या जागी काथ्या घालायचे दोनशे वाढले. ते ऐकून आक्का आतून आपल्या दोन गाद्या घेऊन आली. "घरचा कापूस हाय की. मी घोंगड्यावर झोपतो." पैसे वाचणार म्हणून तवनाप्पा गाद्या डोक्यावर घेऊन गंगावेशीपर्यंत गेला. बाबालालनं कापूस चिवडून बघितला. "कापूस बसतो, आण्णा. लई भरावा लागंल. पिंजून घ्या." पिंजायचे पैसे काथ्याइतकेच झाले.

मग सरस निघाला. रेक्झिन फळीला चिकटवायला सरस लागतो.

"सरस कशाचा असतोय?" तवनाप्पानं विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

बाबालालनं आभाळाकडं बघितलं. "आण्णा, गुळात तुमी काय काय घालतासा, मी कधी इचारलंय का?"

"न्हाय."

"मग?"

"आता इचारलंय न्हवं. सांगून टाक."

"खुरांचा. हाडांचा. मिळंल त्येचा."

राजमतीनं पर्याय म्हणून पातेलंभर मैद्याची खळ करून दिली. आक्का म्हणाली, खळीला मुंग्या लागतील आणि माणसं बसली की चेंगरून मरतील. एका गाडीत तीन गाई नि एक घोडा झाला, त्यात आणि मुंग्यांचं वारूळ कशाला? मग सगळं दाभणानं हातशिलाई करायचं ठरलं. मजुरी दुप्पट झाली. दारांच्या आतल्या बाजूलाही कातडंच निघालं. गिअरच्या दांडीच्या बुडाशी एक कातड्याची पिशवी निघाली. बाबालाल रोज काहीतरी शोधून काढत होता आणि प्रामाणिकपणे सांगत होता. तवनाप्पानं आयुष्यात एवढा महाग प्रामाणिकपणा बघितला नव्हता.

एक आशा होती. काढलेल्या कातड्याला एक चपलावाला दोनशे द्यायला तयार झाला.

"म्हंजे त्या गाईंनी मोटारीतनं सुटून चपलंत जायचं?" आक्का म्हणाली. "पुरा त्यास्नी."

वखारीच्या मागं खड्डा खणला. कातडं आणि केस खाली ठेवले. आक्कानं णमोकार म्हटला, हमालांनी टोप्या काढल्या, तात्यासोनं फुलं वाहिली, कारण सुरुवात त्यानं केली होती. खड्डा खणायचे आठ रुपये झाले. एकूण खर्च नऊशे साठ. गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर आला होता आणि गाडी अजून स्वतःहून लिंबावरून पुढं गेली नव्हती.

सीटा बसवून गाडी पुन्हा ढकलत अंगणात आणली तेव्हा बघायला पेठ लोटली. शिलाई अशी की नजर लागावी. तवनाप्पा दार उघडून आत बसला, आणि त्याची टोपी छताला लागून नाकावर आली. कापूस बसतो म्हणून बाबालालनं लई भरला होता. स्टिअरिंगचं चाक मांड्यांत रुतलं. मान वाकडी केल्याशिवाय बसताच येत नव्हतं, आणि वाकड्या मानेनं एकच बाजू दिसत होती.

"बसून बसून बसंल," बाबालाल खिडकीतून म्हणाला. "पैशाची घाई न्हाय. कापूस बसला की द्या."

"किती दिवस लागतील बसाय?"

"माणसं किती जड हायेत त्यावर हाय."

दुसऱ्या दिवसापासून बसायच्या पाळ्या लागल्या. सकाळी हमाल, दुपारी राजमतीच्या भजनातल्या बायका, संध्याकाळी शेजारपाजार. पेठेत कुणाकडं पाव्हणा आला की यजमान म्हणायचा, "चला, मोटारीत बसून येऊ," आणि दोघं येऊन अर्धा तास बसून, गप्पा मारून, चालत घरी जायचे. एक तालमीतला पैलवान रोज दूध पिऊन झोपायलाच यायचा. कापूस हळूहळू दबत होता. तवनाप्पाची टोपी नाकावरून भुवयांवर, भुवयांवरून कपाळावर चढली. आषाढातली पौर्णिमा जवळ आली तेव्हा टोपी डोक्यावर होती आणि मान सरळ होती. अंगणभर दोन फेऱ्या मारून त्यानं गाडी चालवून बघितली. न खोकता चालली. त्या संध्याकाळी तवनाप्पा दमला नव्हता. असं आधी कधी झालं नसल्यामुळं आपल्याला ताप आलाय असं त्याला वाटलं.

"उद्या बाहुबली," तो राजमतीला म्हणाला.

"उद्या चतुर्दशी हाय. आक्का देवळात जाणार. परवा जावा."

आषाढातल्या चतुर्दशीला जैनांचा चातुर्मास बसतो. देवळातून परत आली तेव्हा आक्काचा चेहरा हलका झालेला होता. अंगणात गाडी पुसत असलेल्या तवनाप्पासमोर ती उभी राहिली.

"राजमतीला सांग, आमटीत मीठ घाल. नियम देवासमोरच सोडायचा असतोय, आज सोडून आलो."

"उद्या सकाळी निघू आपण, आक्का. उन्हाच्या आत."

"मी न्हाय यायचो. आज दुसरा नियम घेतलाय मी. वाहन बंद."

तवनाप्पाच्या हातात ओलं फडकं होतं. ते तो पिळत राहिला. "चार म्हैने?"

"जल्मभर." तिनं समजावल्यासारखं सांगितलं, लहानपणी पाढे समजवायची तसं. "माझ्या एका बसण्यापायी बघ की. तीन गाई. एक घोडा. दोन गाद्या. घर इतके म्हैने अळणी, आनि तुझं हजार रुपये. मी म्हणलं, आता बसणंच नगो."

"आनि बाहुबली?"

"हितनं नमस्कार करीन."

तवनाप्पानं फडकं खाली टाकलं. गाडीच्या पायरीवर बसला आणि चाकाकडं बघत राहिला. म्हातारीनं चाळीस वर्षं एक शब्द न बोलता वाट बघितली होती, आणि वाट संपली त्या दिवशी तिनं रस्ताच सोडून दिला होता. तिच्यावर रागावता येत नव्हतं. तिचं प्रत्येक म्हणणं बरोबर होतं. बरोबर माणसांनीच तो दमायचा.

रात्री आमटीत मीठ पडलं. पहिल्या घासाला सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. इतकी खारट आमटी त्या घरात कधी झाली नव्हती. राजमतीनं शपथ घेऊन सांगितलं की नेहमीएवढंच घातलंय. पाणी पिऊन पिऊन सगळे झोपले.

आठवड्यानं बाबालाल पैशाला आला. त्या वर्षी गुळाला भाव नव्हता. तवनाप्पाकडं चारशे निघाले. तात्यासो तेव्हा घरातच होता, आणि त्याचं एक मत तयार होतं.

"दाजी, माझ्या गुऱ्हाळाचं इंजिन बसलंय. चरक बंद हाय. ह्या मॉरिसचं काढून चरकाला लावलं तर ऊस असा पिळंल का न्हाय! हजार रुपये देतो. अव्वा आता बसत न्हाय, तुमाला तर चालीवताना भ्या वाटतंय. मग इंजिन काय पुजायचं हाय?"

एरवी तवनाप्पानं टॉवेल टाकला असता, बोटं दाबली असती, बाराशेपर्यंत ओढलं असतं. या वेळी त्यानं नुसती मान हलवली. पुढच्या दिवशी चार हमालांनी बांबूला साखळी बांधून इंजिन उचललं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलं. ते गडहिंग्लजला गेलं. बाबालालचे पैसे फिटले. उरलेल्यातले तीस हमालांनी नेले.

पुढचं वजन गेल्यामुळं गाडीचं नाक वर झालं. मागची सीट आपोआप आरामखुर्चीसारखी कलली. मॉरिस आता आभाळाकडं बघत उभी होती, काहीतरी विचारायचं राहून गेल्यागत. तवनाप्पानं तिच्यावर ताडपत्री टाकायचं ठरवलं, पण ताडपत्री आणायचाही त्याला कंटाळा आला.

दोन दिवसांनी दुपारी तो दारात बसून होता तेव्हा आक्का काठी टेकत अंगणात आली. गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून पुढच्या रिकाम्या खोक्यात बघितलं. तिथं एक मांजर झोपलं होतं.

"इंजिन न्हाय?"

"न्हाय."

"आता सुरू हुत न्हाय ही?"

"जल्मात न्हाय."

"कुणी ढकललं तर?"

"चाकाखाली दगडं लावल्याती."

आक्कानं दगडं काठीनं ठोकून बघितली. मग जरा वेळ विचार केला. तिच्या विचारात कधी घाई नसे. "मग ह्ये वाहन न्हवं," ती म्हणाली.

"मग काय?"

"सोपा. बसायचा, दारं असल्याला."

तिनं सपाता काढून बाजूला ठेवल्या आणि मागचं दार उघडलं. मरून रेक्झिनवर आधी हात फिरवला, वास घेतला, मग आत चढून मांडी घालून बसली. कललेल्या सीटनं तिला अलगद मागं घेतलं. आपल्याच गाद्यांवर ती बसली होती. कापसाला माणूस ओळखीचं होतं.

"तू का उभा ऱ्हायलाईस? बस की म्होरं."

"कशाला?"

"बस म्हणतो न्हवं."

तवनाप्पा पुढं बसला. टोपी व्यवस्थित डोक्यावर राहिली. गाडीचं नाक वर असल्यामुळं समोरच्या काचेत नुसतं आभाळ दिसत होतं आणि वखारीच्या पत्र्याची कड. काय करावं ते न कळून त्यानं चाकावर हात ठेवले.

"पूल वलांडला का?" मागून आवाज आला. बाहुबलीच्या वाटेवर पहिला येतो तो पूल.

त्यानं चाक जरासं फिरवलं. मग म्हणाला, "वलांडला."

"शिरोली गेली आसंल."

"गेली."

"हालोंडी?"

"ही काय आली."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून राजमतीनं डोकावलं, बघितलं आणि काही न विचारता खिडकी लोटून घेतली. आक्कानं पाय लांब केले. एसटीत तिला आयुष्यात कधी पाय लांब करता आले नव्हते.

"गर्दी न्हाय आज," ती म्हणाली.

"न्हाय."

"निवांत हाय." मग एकदम सरळ होऊन तिनं पुढच्या सीटवर काठी आपटली. "आरं हळू! हेर्लं आलं. शाळा सुटायची येळ हाय, पोरं आडवी येत्यात."

तवनाप्पानं ब्रेक दाबला.